पनिशमेंट ड्यूटी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे दोघा-तिघांनी विचारलंही, की बाई, लिहिणं बंद केलंत का? बंद नाही केलं. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग गणपती आले, आणि गणपतीत जे झालं त्यावर लिहावं की नाही या विचारात पंधरा दिवस गेले. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. पण ज्यांच्याशी मला भांडायचं आहे ते माझे चुलत दीर अण्णाभावजी हे पान न चुकता वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका फोन करून सांगतात. तोंडावर बोलायला गेलं की "वहिनी, आधी चहा टाका" म्हणून विषय संपवतात. तेव्हा लिहूनच भांडलेलं बरं.

अण्णाभावजी सर्जन होते. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. हात सोन्याचा, असं अजून लोक सांगतात, आणि ते खरं आहे. माझ्या आईचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं आणि एक पैसा घेतला नव्हता. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणू नये की बाई उपकार विसरल्या.

तर झालं असं. माझ्या धाकट्या बहिणीची नात मनू (हे घरातलं नाव, खरं लिहीत नाही, तिला अजून थीसिसवर सह्या घ्यायच्या आहेत) एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एमडी करते आहे, लहान मुलांच्या विभागात. दुसरं वर्ष. गणपतीच्या आठ दिवस आधी रात्री अकराला तिचा फोन आला, "मोठी आजी, मी तुझ्याकडे येऊ का?" बाकी काही नाही. ये म्हटलं. सकाळच्या एसटीनं आली, पिशवी दारात टाकली आणि झोपली ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. मी दर दोन तासांनी जाऊन श्वास चाललाय ना ते बघत होते.

हकीकत तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. त्यांच्या युनिटातली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर, एकाला डेंग्यू झालेला. उरलेल्यांनी सगळं ओढायचं. मनू शनिवारी सकाळी आठला वॉर्डात शिरली ती रविवारी दुपारपर्यंत बाहेर पडली नाही. मधे पहाटे चारला एका बाळाच्या औषधाचा डोस लिहिताना दशांश चिन्ह चुकलं. एक टिंब. लहान मुलांच्या बाबतीत एक टिंब म्हणजे दसपट औषध. सिस्टरनं औषध भरताना पाहिलं, "डॉक्टर, हे नक्की का?" म्हणून विचारलं आणि ते बाळापर्यंत पोचलं नाही. मनूनं स्वतः जाऊन सरांना सांगितलं. लपवता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं. सरांनी राउंडला, सगळ्या आयांसमोर, तिची जी काय काढायची ती काढली. वर मेमो दिला. आणि शिक्षा काय? पुढचा आठवडाभर सलग रात्रपाळी, शिवाय दिवसाची ओपीडी आहेच. याला त्यांच्यात पनिशमेंट ड्यूटी म्हणतात.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. दमल्यामुळे चुकली म्हणून तिला आणखी दमवायचं? आणि त्याच बाळांच्या वॉर्डात? "हो ग आजी, सगळीकडे असंच असतं," म्हणाली. तिसऱ्या रात्री तिला रक्तपेढीकडे जायचा रस्ता आठवेना. दीड वर्ष रोज जाते त्या रस्त्याला. ती जिन्यात बसून राहिली. तिथून तिनं मला फोन केला होता.

आता गणपतीचा दिवस. आमच्याकडे सगळं घर जमलेलं. पंगतीत कोणीतरी विचारलं, मनू रजेवर कशी काय? अण्णाभावजींना थोडंफार कळलं होतं. मोदक फोडता फोडता म्हणाले, "आम्ही बहात्तर-बहात्तर तास उभे असायचो. या पोरांत दमच नाही. हळवं असून डॉक्टरकीत चालत नाही." मनूनं पान तसंच ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. मी वाढत होते. मी काही बोलले नाही. ते न बोलणं मला अजून खातंय.

भावजी, आता बोलते.

ते बहात्तर तास तुम्ही आम्हाला अनेकदा सांगितले आहेत. त्यातला एक किस्सा तर सगळ्या मुलांना पाठ आहे, ऑपरेशन टेबलाशी उभ्या उभ्या तुम्हाला डुलकी लागली आणि तुमच्या सरांनी कोपर मारून जागं केलं. आम्ही सगळे हसतो. मीही हसत आले. परवा रात्री झोप येईना तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, टेबलावर कोण होतं? त्याचं पोट उघडं होतं ना तेव्हा? तो किस्सा तुमच्या दमाचा आहे असं आजवर वाटत होतं. त्या माणसाच्या बाजूनं बघितला तर तो हसण्याजोगा राहत नाही.

आणि 'आम्ही सोसलं' हे म्हणणं मला नवीन नाही. शिक्षण खात्यात तेहतीस वर्षं काढली आहेत मी. आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून घडलो, असं सांगणारे किती शिक्षक पाहिले. छड्या खाऊन शाळा सोडून गेलेली मुलं ते सांगायला आमच्या स्टाफरूममध्ये येत नव्हती, एवढाच काय तो फरक. तुमच्या बॅचमधले सगळेच बहात्तर तासांतून सर्जन होऊन निघाले का? एकाचं नाव तुम्ही घेता घेता थांबता. मला माहीत आहे, मी नाव लिहीत नाही.

आता कोणी म्हणेल, नियम नाहीत का? आहेत की. मनूनंच मला काढून दाखवले, आणि मी ते चष्मा लावून शब्दन् शब्द वाचले. केंद्र सरकारची निवासी डॉक्टरांसाठीची योजना १९९२ ची. त्यात आहे, की सलग ड्यूटी सामान्यतः १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याचे ४८ तास. मात्र कामाची निकड असेल तर गोष्ट वेगळी. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम केले. त्यात तासांचा आकडाच नाही. विद्यार्थी 'वाजवी' तास काम करतील आणि त्यांना 'वाजवी' विश्रांती मिळेल. मी जन्मभर मराठी शिकवलं. वाजवी हे विशेषण आहे एवढं कळतं. पण कोणाच्या मते वाजवी, हे वाक्यात कुठे आहे? एकतीस वर्षांत आपण आकड्यावरून विशेषणावर आलो. आठवीच्या मुलानं निबंधात अशी पळवाट काढली असती तर मी लाल शाईनं रेघ ओढली असती.

त्याच आयोगानं २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर कृती दलाचा अहवाल आणला. ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांच्या पाहणीत उत्तरं दिली. त्यांतल्या ३१.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. टक्केवारी मला लवकर समजत नाही, मी ती वर्गात बसवून बघते. आमच्या वेळी तुकडी साठची असायची. साठातली अठरा-एकोणीस मुलं. हजेरी घेताना दर तिसरं नाव. एखाद्या शाळेत असं निघालं असतं तर 'मुलांत दम नाही' म्हणाला असतात का, भावजी? की मुख्याध्यापकांना जाब विचारायला सगळ्यांत पुढे तुम्हीच असता?

त्या अहवालानं आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक पूर्ण सुट्टी द्या, सात-आठ तास झोप द्या, अशा शिफारशी केल्या आहेत. ७४ म्हणजे १९९२ च्या आकड्याच्या दीडपट, आणि तेवढं मिळालं तरी मनू पेढे वाटेल. मनूच्या सूचनाफलकावर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर लावला आहे. चांगली सेवा आहे, घरात कोणाला लागली तर जरूर फोन करा. पण त्याच फलकावर शेजारी पनिशमेंट ड्यूटीची यादी असते. याला काय म्हणायचं? एका हातानं चटका द्यायचा आणि दुसऱ्या हातानं बर्नोल.

तिच्यासाठी 'समुपदेशन'ही झालं बरं का. एका हॉलमध्ये सत्तर जणांना बसवून दीड तास सकारात्मक विचारांवर व्याख्यान. दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञतेची वही ठेवा. त्यातले निम्मे झोपले, मनू म्हणाली, आणि तोच काय तो फायदा. माझा योगासनांवर राग नाही, मी स्वतः रोज करते. पण कामाच्या ठिकाणी जे बिघडलं आहे ते माणसाच्या श्वासात शोधायचं, हा मला कावेबाजपणा वाटतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यातल्या त्या डॉक्टर मुलीची हत्या झाली तेव्हा आपण सगळेच हादरलो. आमच्या गावातही मेणबत्त्या घेऊन लोक चौकात उभे राहिले. मग कॅमेरे, सुरक्षारक्षक, कडक कायदा, सगळ्यावर बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. पण ती छत्तीस तासांच्या ड्यूटीत, जरा पाठ टेकावी म्हणून सेमिनार हॉलमध्ये गेली होती. विश्रांतीची खोली नव्हती म्हणून सेमिनार हॉल. सर्वोच्च न्यायालयानंही त्या सुनावणीत या लांबलचक ड्यूट्यांबद्दल चिंता व्यक्त केली होती. मेणबत्त्या विझल्या आणि तो भाग मागे पडला.

आता भावजींचा खरा मुद्दा. ते म्हणतील, वहिनी, तुम्ही शाळेत होता, तिथे चुकलं तर मुलगा नापास होतो, इथे माणूस मरतो. तिथे लाड चालत नाहीत. मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच मला पटत नाही. यासाठी एक गोष्ट सांगते, इंग्लंडातली. माझ्या भाच्याची बायको तिकडे डॉक्टर आहे, तिनं ही मला पहिल्यांदा सांगितली, मग मी जालावर सापडेल तेवढी वाचली.

लेस्टरच्या मोठ्या हॉस्पिटलात १८ फेब्रुवारी २०११ ला जॅक ॲडकॉक नावाचा सहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याला डाउन सिंड्रोम होता. जुलाब-उलट्या, निपचित पडलेला. ड्यूटीवर होत्या डॉ. हदिझा बावा-गार्बा, बालरोगतज्ज्ञ होण्याचं शिक्षण चालू असलेल्या. बाळंतपणाची रजा संपवून वर्षाहून जास्त काळानं परतलेल्या. त्यांच्या वरचे मोठे डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या गावी शिकवायला गेलेले. जोडीचे डॉक्टरही नाहीत, म्हणून त्यांचंही काम यांच्यावर. त्यात संगणक बंद पडला आणि रक्ताचे रिपोर्ट तासन् तास अडकले. मुलाला जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला होता, तो वेळेवर ओळखला गेला नाही. संध्याकाळी त्याचं हृदय बंद पडलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला दुसराच मुलगा समजून प्रयत्न थांबवायला सांगितलं. लगेच चूक कळली, पुन्हा सुरू केले. मुलगा वाचला नाही.

२०१५ मध्ये ज्यूरीनं त्यांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. २०१८ च्या जानेवारीत त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या कोर्टानं ते परत घेतलं. पुढे २०१९ मध्ये देखरेखीखाली कामावर परतायची परवानगी मिळाली. मधल्या काळात हजारो डॉक्टर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, खटल्यासाठी पैसे गोळा केले. आणि जॅकची आई दुसऱ्या बाजूला उभी होती. तिचं पोर गेलं होतं. मी तिला एका शब्दानंही चूक म्हणणार नाही.

पण भावजी, मला सांगा, वर्षभरानं परत आलेल्या बाईला पहिले काही दिवस कोणाच्या तरी हाताखाली उभं करायला काय लागलं असतं? आमच्याकडे सहा महिन्यांच्या आजारपणानंतर शिक्षिका परत आली की तिला लगेच दहावीचा वर्ग देत नसत. कोणी लिहून दिलं नव्हतं, पण देत नसत. तेवढं लेस्टरला केलं असतं तर तो मुलगा वाचलाच असता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की डॉक्टरला सावरणं आणि पेशंटला वाचवणं ही दोन कामं नाहीत. तुम्ही 'लाड' म्हणता ते बाळांसाठीच आहे. मनूला त्या रविवारी दुपारी "जा, झोप, मंगळवारी ये, आणि डोस लिहिण्याचं काम आठवडाभर माझ्यासमोर कर" असं कोणी म्हटलं असतं तर ती शिक्षाही झाली असती आणि बाळंही सुरक्षित राहिली असती. वेळ पडली तर वॉर्डातून महिनाभर बाजूला काढा ना. तेही चालेल. पण बाजूला काढायला माणूस लागतो, आणि अपमान करायला नुसतं तोंड. म्हणून दुसरं स्वस्त पडतं.

इंग्लंडातही सगळं आलबेल नाही. तिथलेही डॉक्टर २०२३ पासून पुन्हा पुन्हा संपावर गेले. पण तिथे २००८ मध्ये लंडनला एक सेवा सुरू झाली, खास डॉक्टरांसाठी आणि दंतवैद्यांसाठी. नैराश्य असो, दारू असो, डॉक्टरनं थेट जायचं, त्याच्या हॉस्पिटलला कळत नाही. क्लेअर जेराडा नावाच्या बाईंनी ती उभी केली. त्याआधी २००० साली भारतीय वंशाच्या एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरनं, बदनामीच्या भीतीनं स्वतःचा आजार दडवत दडवत, जीव दिला होता. त्या चौकशीनंतर लोकांचे डोळे उघडले. मनूनं कोणाकडे जायचं? तिच्या गाइडकडेच ना? त्याच माणसाची थीसिसवर सही, तोच ड्यूट्या लावणार, तोच परीक्षेत बसू देणार. त्याच्यासमोर "सर, मला जमत नाहीये" म्हणायचं? मारकुट्या बापाची तक्रार बापाकडेच करण्यासारखं आहे हे.

इथे मला स्वतःबद्दल लिहिलं पाहिजे, नाहीतर मी फार शहाणी वाटेन.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, १९७४ मध्ये, आठवी ब मला आवरत नव्हती. मुलं बाकं वाजवायची. मी स्वच्छतागृहात जाऊन रडायचे. आमच्या मुख्याध्यापकांना कळलं. बोलावून घेतलं आणि म्हणाले, "उद्यापासून आठवडाभर मी तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसतो. बोलणार नाही. मला वह्या तपासायच्या आहेत, तिथे उजेड चांगला आहे." आले, बसले, वह्या तपासल्या. रोज जाताना एकच गोष्ट सांगायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, फळ्याकडे तोंड करून बोलता, मुलांकडे करा. पाचव्या दिवशी मला वर्ग सापडला. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी यातला एक शब्दही लिहिला नाही.

आणि वीस वर्षांनी मी पर्यवेक्षिका झाले तेव्हा मी काय केलं? एक नवीन विज्ञान शिक्षक होते. टाचणवही कधी पूर्ण नाही, पहिल्या तासाला उशीर, वर्गात डोळे मिटायचे. मी लाल शाईत शेरे मारले. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलले. दोन ऑफ तास काढून घेतले, म्हणजे शिस्त लागेल! दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आले नाहीत. पुढे कळलं, वडील अर्धांगवायूनं अंथरुणावर होते आणि रात्री उठून हेच सगळं करायचे. मी एकदाही विचारलं नव्हतं, "काय झालं?" चार अक्षरं. पनिशमेंट ड्यूटी मीही लावली होती, तेव्हा तिला हे नाव आहे हे माहीत नव्हतं इतकंच. ते गृहस्थ पुढे कुठे गेले, काय करतात, मला ठाऊक नाही.

तेव्हा मनूचे सर राक्षस आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्याही सरांनी त्यांना असंच वाढवलं असणार. त्यांच्या विभागात माणसंही कमी आहेत, खाटा जास्त. जमिनीवर गाद्या टाकून बाळं झोपवतात, दोन बाळांना एक वॉर्मर. ते कोणावर ओरडणार? मंत्रालयावर ओरडता येत नाही म्हणून मनूवर. एवढं कळतं मला. तरी ओरडणं माफ होत नाही.

मनू मागच्या रविवारी परत गेली. मी थांब म्हणाले नाही, जा म्हणाले नाही. सीट सोडली तर दंड भरावा लागतो, आणि शिवाय तिला जायचं होतं. "मला मुलं आवडतात ग," एवढंच म्हणाली. तिच्याबरोबर मेथीचे लाडू दिले, त्यातले अर्धे त्या सिस्टरसाठी. युनिट बदलून मिळालेलं नाही. डेंग्यूवाला मुलगा मात्र परत आला आहे, त्यामुळे रात्रीत दोन तास झोप मिळते म्हणे. हे सगळं तिला फोनवर वाचून दाखवलं आणि तिनं तीन ठिकाणी काट मारायला लावली, ती मारली आहे.

भावजी, शुद्धलेखन तपासालच. 'निवासी' दीर्घ लिहिलंय, पाहून घ्या. पण या वेळी फोन मला करू नका. मनूचा नंबर तुमच्याकडे आहे. ती मंगळवारी रात्री साडेनऊनंतर मोकळी असते, आणि तुम्ही तिला टेबलावरच्या त्या माणसाबद्दल सांगितलंत, तर ती ऐकेल.